सवलत शेवटी बघा: गोव्याच्या हवेत टिकणारी सफाईची यंत्रं आणि मैदानी व्यायामाचं सामान कसं निवडायचं

चवथ जवळ आली की घरात व्हॅक्यूम क्लीनर येतो. पाऊस ओसरला की डंबेल्स येतात, सायकल येते, नाहीतर धावण्याचे बूट. पुढच्या जूनपर्यंत यातलं बरंचसं माळ्यावर किंवा जिन्याखाली गेलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: वस्तूच फालतू निघाली. बहुतेक वेळा वस्तू फालतू नसते, ती या घरासाठी आणि या हवेसाठी नसते. आपण आधी सवलत बघतो, मग ब्रँड, मग घरी आणून जागा शोधतो. सर्व्हिस सेंटरची चौकशी होते ती वस्तू बिघडल्यावर.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. किनाऱ्याला खारी हवा, आत डिचोली-सत्तरीकडे लाल माती. इथे यंत्रं वापरून झिजतात त्याहून जास्त पडून राहून सडतात. म्हणून खरेदी करताना तीन गोष्टी सवलतीच्या आधी बघायच्या: वस्तू उघडून वाळवता येते का, तिचा सुटा भाग इथे मिळतो का, आणि ती गंजते कुठे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुन्हा माळ्याचीच भरती.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी घर मोजा

मोजपट्टी, कागद आणि अर्धा तास पुरे. एवढं लिहून काढा:

१. जमीन कोणती? व्हिट्रिफाइड लादी, जुना कोबा, शहाबादी फरशी की लाकूड? एकाच घरात दोन-तीन प्रकार असतील तर प्रत्येक खोलीपुढे लिहा.

२. उंबरठ्यांची उंची. रोबो व्हॅक्यूम साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचा उंबरठा चढतो. जुन्या घरात, राजांगणाच्या कडेला किंवा देवघराच्या दारात उंबरठा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. दोनपेक्षा जास्त दारांत रोबो अडणार असेल तर त्याचा विचार इथेच सोडा.

३. पलंग आणि कपाटाखालची जागा. वर लेझरची टोपी असलेले रोबो साधारण १० सेंटिमीटर उंच असतात. पलंगाखाली त्याहून कमी जागा असेल तर जिथे खरी धूळ साठते तिथेच ते पोहोचणार नाहीत.

४. सॉकेट. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. लहान ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅटपर्यंतचंच यंत्र झेपतं. १,४०० वा १,६०० वॅटच्या यंत्राला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. मोठं सॉकेट फक्त स्वयंपाकघरात आणि गिझरपाशीच असेल तर तसं लिहा.

५. पाणी. अंगणातल्या नळाला पाणी कुठून येतं, टाकीतून की थेट पंपातून? टाकी किती उंचावर आहे? दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या छपरावरच्या टाकीतून येणारा दाब अर्धा बारही नसतो. प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारून धुणारं यंत्र, निवडताना हा आकडा लागेल.

६. ठेवायची जागा. कोरडी, हवेशीर आणि हाताशी येणारी. माळ्यावर ठेवावं लागणारं यंत्र खाली येत नाही.

> तपासा: व्यायामाच्या सामानासाठीही हीच यादी. गच्ची आहे का, छप्पर आहे का, समुद्र किती जवळ, पावसाळ्यात सायकल कुठे उभी राहील. सायकल पावसात उभी राहणार असेल तर तिचं बजेट आधी ताडपत्रीवर आणि शेडवर खर्च करा.

## टप्पा २: दुरुस्ती कुठे होणार ते आधी विचारा

हा टप्पा सगळेच शेवटी करतात. यंत्राचं नाव ठरलं की कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक क्रमांकावर आपला पिन कोड सांगा. गोव्याचे सगळे पिन कोड ४०३ ने सुरू होतात. “गोव्यात सेवा आहे” एवढ्या उत्तरावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा:

- तंत्रज्ञ घरी येतो, की यंत्र आपण नेऊन द्यायचं? नेऊन द्यायचं तर पणजीला, मडगावला, की राज्याबाहेर पाठवायचं?
- फिल्टर, पिशवी, ब्रश, पॅड, बॅटरी सुटं मिळतं का, आणि आजचा भाव काय?
- मोटरवर जास्त वर्षांची हमी आहे, तर बाकीच्या भागांवर किती?

शेवटच्या प्रश्नात मेख असते. खोक्यावर “५ वर्षं” ठळक असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात “फक्त मोटर”. बिघडतात ते स्विच, वायर गुंडाळणारी चक्री, पाइपाचा जोड आणि बॅटरी. गंज लागल्याने झालेलं नुकसान बहुतेक हमीपत्रांत धरतच नाहीत, आणि इथे गंज हाच पहिला शत्रू.

दुकानात असाल तर सरळ म्हणा, “बाब, याचा फिल्टर सुटा दाखवा बघू.” दुकानदाराने कपाटातून काढून समोर ठेवला तर उत्तम. “मागवून देतो” म्हणाला तर किती दिवसांत आणि कितीला, ते बिलाच्या मागे लिहून घ्या.

## टप्पा ३: पाच वर्षांचा खर्च मांडा

किंमत म्हणजे फक्त खोक्यावरचा आकडा नाही. एक साधं गणित: समजा, एक व्हॅक्यूम ५,००० रुपयांना आहे आणि त्याला दरवर्षी ८०० रुपयांच्या पिशव्या लागतात. पाच वर्षांत तो ९,००० ला पडतो. दुसरा ७,००० ला आहे, त्याचा फिल्टर धुता येतो आणि दोनदा बदलायला एकूण १,२०० लागतात. तो पडतो ८,२०० ला. दुकानात “२,००० ने स्वस्त” वाटणारा पहिला इथे महाग ठरतो.

विजेचा खर्च मात्र फार मनावर घेऊ नका. १,४०० वॅटचं यंत्र अर्धा तास चाललं तर ०.७ युनिट. आठवड्यातून दोनदा वापरलं तरी महिन्याला सहा युनिटच्या आसपास. पैसा जातो तो सुट्या भागांत.

बॅटरीवरच्या यंत्रांना वेगळी ओळ द्या. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद जाणवण्याइतकी उतरते. बॅटरी घरी काढता-घालता येत असेल तर यंत्र वाचतं. ती आत बंदिस्त असेल आणि बदलण्याचा खर्च यंत्राच्या निम्म्यावर जात असेल तर ते यंत्र दोन-तीन वर्षांच्या भाड्याने घेतल्यासारखं समजा आणि त्या हिशेबाने किंमत परवडते का बघा.

> सावधान: “एमआरपीवर ६० टक्के सूट” याला अर्थ नाही. बारा महिन्यांपैकी अकरा महिने जी वस्तू ज्या भावाला विकली जाते, तोच तिचा भाव. दोन-तीन आठवडे भावावर नजर ठेवली की तो कळतो.

## टप्पा ४: सफाईची यंत्रं, एकेक करून

### आधी स्पिन मॉप, मग बाकी सगळं

बहुतेक फ्लॅटना चांगली केरसुणी, चांगला स्पिन मॉप आणि गाद्या-पडद्यांसाठी लहान व्हॅक्यूम एवढं पुरतं. मॉप घेताना पिळायची जाळी स्टीलची आहे का, बादलीला तळाशी पाणी सोडायचं बूच आहे का, दांड्याचा लॉक धातूचा आहे का, हे हाताने चालवून बघा. गोल पॅडचा माप सर्वसाधारण आहे ना, एवढं विचारा. नसेल तर पॅड संपले की बादलीसुद्धा भंगारात.

मायक्रोफायबरचे पॅड धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका. धाग्यांवर थर बसतो आणि पॅड पाणी शोषेनासा होतो. “पॅड खराब निघाला” या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

### व्हॅक्यूम: वॅट म्हणजे ओढ नव्हे

वॅट हा आकडा यंत्र किती वीज खातं ते सांगतो. ओढ कळते किलोपास्कलमध्ये. इथे एक गंमत चालते: रोबोच्या जाहिरातीत “५,००० पास्कल” लिहितात आणि ड्रमवाल्यावर “१८ किलोपास्कल”. हजार पास्कलचा एक किलोपास्कल होतो. म्हणजे तो ५,००० वाला रोबो ५ किलोपास्कलचा. लादीवरच्या धुळीला तेवढं चालतं, गादीला नाही.

आता कोणाला काय:

तळमजला किंवा गावचं घर, जिथे पावसात खिडकीतून, दाराखालून पाणी आत येतं, तिथे ओलं-सुकं दोन्ही ओढणारं ड्रमवालं यंत्र घ्या, १५ ते २० लिटरचं. दिसायला बोजड, आवाज मोठा, पण या सगळ्यांत सर्वात कमी तक्रारीचं हेच.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, लादी सपाट, माणसं दोन-तीन: हलकं बिनवायरचं उभं यंत्र चालेल, बॅटरी सुटी निघत असेल तरच.

खाणपट्ट्याजवळ किंवा ट्रकच्या रस्त्याला लागून घर असेल तर पिशवीवाला व्हॅक्यूम बरा. बिनपिशवीचं भांडं रिकामं करताना ती बारीक लाल धूळ परत हवेत उडते, आणि ज्याला दमा आहे त्याच्यासमोर ते करणं म्हणजे सफाई नव्हे. पिशवीचा वर्षाचा खर्च टप्पा ३ मध्ये धरलेला असू द्या.

रोबो घ्यायचा तर टप्पा १ मधले उंबरठे पुन्हा बघा. शिवाय बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडले जातात. घरचा राउटर त्या पट्ट्यावर चालतो ना, ते आधी तपासा.

फिल्टरवर “हेपा” लिहिलेलं असेल तर पुढे श्रेणी शोधा. एच१३ म्हणजे पकडायला सर्वात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवणारा. नुसतं “हेपा टाइप” लिहिलं असेल तर तो साधा फिल्टर समजा आणि त्याचे जास्त पैसे देऊ नका.

> सावधान: घरी येऊन दाखवणारा विक्रेता तुमच्याच गादीवर यंत्र फिरवतो, पाइपात लावलेलं काळं फडकं काढतो आणि त्यावरची पांढरी भुकटी दाखवतो. घरातली माणसं ओशाळतात आणि सही करतात. कुठल्याही गादीतून कुठल्याही यंत्राने तशी भुकटी निघते, कारण त्यात आपल्याच त्वचेचा कोंडा असतो. फडकं बघू नका. टप्पा २ चे तीन प्रश्न विचारा.

### ओल्या-सुक्या यंत्राचा क्रम

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून सविस्तर.

१. यंत्र बंद, प्लग बाहेर. मगच झाकण उघडा.
२. सुक्या धुळीसाठीची कागदी पिशवी किंवा कापडी फिल्टर काढा. ओल्या कामाला फोमची टोपी असते, ती चढवा. कागदी पिशवी तशीच ठेवून पाणी ओढलं तर आत लगदा होतो.
३. तरंगणारा गोळा किंवा पट्टी हाताने वर-खाली करून बघा. अडकत असेल तर धुऊन घ्या. टाकी भरली की हाच गोळा मोटरकडे जाणारी वाट बंद करतो.
४. पाणी ओढा. आवाज अचानक चढून बारीक शीळ घातल्यासारखा झाला आणि ओढ थांबली, की टाकी भरली. लगेच बंद करा. “अजून थोडं” ओढू नका.
५. टाकी रिकामी करून साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा.
६. आता एक-दोन मिनिटं नुसती हवा ओढू द्या. पाइप आतून कोरडा होतो.
७. झाकण उघडं ठेवून रात्रभर हवेशीर जागी ठेवा. लगेच झाकण लावलं तर दोन दिवसांनी उघडताना ओल्या कुत्र्यासारखा वास येतो, आणि पुढच्या वेळी तो वास घरभर.

धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळायला एरवी चोवीस तास धरा. जुलैत तो तीन दिवसांतही वाळत नाही आणि ओला फिल्टर घातला की बुरशी धरते. उपाय साधा: दुसरा फिल्टर खरेदीच्याच दिवशी घ्या, म्हणजे एक वापरात आणि एक पंख्याखाली.

यंत्रात काय ओढू नये: धुपाटण्यातली गरम राख, पेट्रोल-रॉकेल, अॅसिड, सिमेंटची भुकटी. रांगोळी शक्यतो केरसुणीनेच काढा, तिची बारीक पूड फिल्टरची भोकं बंद करते.

### प्रेशर वॉशर: शेवाळासाठी, पण जपून

सप्टेंबरअखेर अंगणातली फरशी, पायऱ्या, तुळशीवृंदावनाभोवतीची जागा हिरवीगार आणि निसरडी झालेली असते. खराट्याने घासून कंबर जाते, म्हणून हे यंत्र हवंसं वाटतं. ते योग्यही आहे, पण खोक्यावरचा मोठा आकडा “कमाल” दाबाचा असतो. खरं काम होतं “रेटेड” दाबावर, तो बारीक अक्षरात शोधा. घरच्या कामाला रेटेड १०० बारच्या आसपास भरपूर झालं. चारचाकी आणि अंगण एवढंच असेल तर १५० च्या मागे धावू नका.

टाकीच्या नळाला दाब कमी असेल, तर बादलीतून स्वतः पाणी ओढणारं मॉडेल घ्या. हे विचारलं नाही तर यंत्र घरी येऊन नुसतं घरघरतं, पाणी थुंकत थुंकत येतं आणि पंप लवकर खराब होतो. पाण्याचा हिशेबही करा: मिनिटाला साडेपाच लिटर म्हणजे वीस मिनिटांत ११० लिटर. विहिरीचं पाणी असेल तर नळीच्या तोंडाशी गाळणी हवीच.

चालवण्याचा क्रम:

१. यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटला, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असलेला हवा. त्याचं टेस्ट बटण दाबून बघा, खटका पडला पाहिजे. पडत नसेल तर आज यंत्र लावू नका, वायरमनला बोलवा.
२. नळी जोडा, नळ सोडा, यंत्र अजून बंदच.
३. पिस्तुलाचा घोडा दाबून धरा. हवा निघून सलग धार येईपर्यंत थांबा.
४. आता स्विच. पाण्याशिवाय पंप फिरवणं म्हणजे तो जाळणं.
५. रुंद पंख्यासारख्या धारेने, हातभर अंतरावरून सुरुवात करा. एका कोपऱ्यात करून बघा, दगड झडत नाही ना ते पाहून पुढे जा.
६. झाल्यावर आधी स्विच बंद, मग नळ बंद, मग घोडा दाबून आतला दाब मोकळा. नळी शेवटी काढा.

> सावधान: चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर, गडग्यावर, जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर टोकदार धार मारू नका. जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र, धारेने त्याचा पापुद्रा निघतो आणि पाणी आत शिरतं. तिथे खराटाच खरा. धार कुणाच्या अंगावर, हातापायावर तर कधीच नाही. ती त्वचा फाडते.

शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर त्याच दिवशी, त्याच जागी अॅसिडचा क्लीनर नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. कोबा आणि शहाबादीवर अॅसिड एरवीही नको, तिथली चकाकी खाल्ली जाते.

वाफेच्या मॉपबद्दल थोडक्यात: चकचकीत लादीवर ठीक. कोबा, मेणाची पॉलिश आणि लाकूड यांवर नाही. जुन्या घरासाठी घेऊच नका.

## टप्पा ५: मैदानी व्यायामाचं सामान

इथे एकच मोठी परीक्षा: हे सामान खाऱ्या हवेत आणि घामात किती दिवस धातूसारखं राहतं?

### धावण्याचे बूट

बूट संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यात धावणार तेच घाला. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी, टाच मात्र सरकता कामा नये. दुकानातच दहा पावलं पळा. लाज वाटली तरी.

मिरामार किंवा कळंगुटच्या वाळूत धावायला वेगळे बूट लागत नाहीत. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट असते, तिथे धावा. भरती-ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं, त्यामुळे आजची वेळ उद्या पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने लांब धावलं की एका गुडघ्यावर ताण येतो. जाऊन तसंच परत या.

बुटाचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो. वरून बूट नवा दिसत असला तरी तळवे दुखायला लागले की बदला. पावसाळ्यात रोज धावणाऱ्याला दोन जोड लागतात, कारण भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. आतला पातळ तळ काढा, कागद कोंबा, पंख्याखाली ठेवा. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर किंवा कडक उन्हात नको, गोंद सुटतो.

### वजनं, बार आणि पट्टे

चकचकीत क्रोमच्या मुठीचे डंबेल्स किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरांत राहणाऱ्यांनी टाळावेत. मुलामा जिथे ओरखडतो तिथून गंज धरतो, आणि ती मूठ हाताला लागते. रबर चढवलेले षट्कोनी डंबेल्स किंवा जाड रंगाचा थर असलेली ओतीव लोखंडाची केटलबेल बरी. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली वजनं सर्वात स्वस्त, पण गच्चीवर उन्हात कवच तडकतं आणि भुकटी गळते.

“स्टेनलेस” म्हटलं की खिशातला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर ते ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टील नाही. चिकटला नाही म्हणून ते ३१६ च आहे असंही नाही, काही हलक्या प्रतीही चुंबकाला चिकटत नाहीत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. समुद्राजवळ उघड्यावर लावायच्या बोल्ट-हुकांना त्याचे जास्त पैसे देणं योग्य आहे. डंबेलच्या मुठीला नाही.

पुल-अप बार भिंतीत बसवणार असाल तर आधी भिंत ओळखा. चिऱ्याच्या भिंतीत फुगणारा बोल्ट धरतोय असं वाटतं, पण रोजच्या हिसक्यांनी दगड आतून झडतो. बार काँक्रीटच्या तुळईतच, किंवा स्वतंत्र उभ्या चौकटीचा घ्या.

रबरी पट्टे घेताना ताणून उजेडासमोर धरा. बारीक चिरा दिसल्या तर तो पट्टा नको. घरी आणल्यावर गाडीत ठेवू नका, ऊन आणि उष्णता लॅटेक्सला खातात. वाळू लागली की साध्या पाण्याने धुवा. प्रत्येक वापराआधी पुन्हा तपासा, तुटलेला पट्टा थेट तोंडावर येतो.

### सायकल

फोंडा किंवा म्हापशाच्या दुकानात सायकलवर बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. मधला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर दोन-तीन बोटं अंतर हवं. स्वस्त सायकलींना पुढे झटके शोषणारा काटा लावून देतात. तो वजन वाढवतो, पावसात गंजतो आणि डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग नगण्य. त्याच पैशात दुहेरी भिंतीची रिम, अॅल्युमिनियमची चौकट आणि मडगार्डला भोकं असलेली सायकल शोधा. मडगार्ड नसेल तर जूनमध्ये लाल चिखलाची रेघ पाठीवरून डोक्यापर्यंत जाते.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढायची हौस असेल तर मागचं सर्वात मोठं चाक आणि पुढचं सर्वात छोटं चाक यांचे दाते मोजा. दोन्ही संख्या जवळजवळ सारख्या असतील तर चढ झेपेल. गिअर किती, २१ की ७, यावर घाट ठरत नाही.

हेल्मेटवर युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी मानक छापलेलं असू द्या. एकदा जोराचा मार बसला की बाहेरून ठीक दिसलं तरी बदला. साखळीला पावसाळ्यात चिकट, “वेट” प्रकारचं तेल, उन्हाळ्यात कोरडं. क्रम असा: पुसा, प्रत्येक कडीला एक थेंब, थोडा वेळ थांबा, वरचं तेल पुसून काढा. न पुसता सोडलं तर त्याच तेलावर वाळू बसते आणि साखळी कानशीसारखी दाते घासते.

### मनगटावरचं घड्याळ

घड्याळ पाण्यात टिकतं हे सांगणाऱ्या “आयपी ६८” ची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. पोहायचं असेल तर निदान ५ एटीएम लिहिलेलं घ्या, आणि समुद्रातून आल्यावर नळाखाली धुवा. चार्जिंगच्या पिना ओल्या असताना चार्जर लावू नका, मीठ आणि वीज मिळून पिना हिरव्या पडतात. धावताना फोन नेणार नसाल तर “बिल्ट-इन जीपीएस” आहे ना बघा. “कनेक्टेड जीपीएस” म्हणजे ते फोनचाच जीपीएस वापरतं.

## टप्पा ६: खरेदीचा दिवस

चवथीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर गर्दीत घेऊ नका. दुकानदाराला यंत्र चालवून दाखवायला वेळ नसतो, आणि बिघाड सांगायला गेलात तर सर्व्हिसवाल्याकडे रांग. जुनं सामान घ्यायचं तर पर्यटनाचा हंगाम संपता संपता, मार्च-एप्रिलमध्ये बघा. मुक्कामाला आलेले लोक परतताना सायकली आणि चटया विकतात. चुंबक मात्र खिशात असू द्या.

१. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, ग्राहक सेवेचा तपशील आहे ना बघा. बंद खोक्यातल्या वस्तूंवर हे छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. आयातदाराचं नावच नसलेल्या वस्तूची हमी कोणाकडे मागणार?
२. यंत्र दुकानातच सुरू करून घ्या. जळका वास, खरखर, सैल प्लग, काही दिसलं तर दुसरा नग.
३. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं “व्हॅक्यूम १ नग” चालणार नाही.
४. ऑनलाइन मागवलं तर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, आधी चारही बाजू आणि पत्त्याचं लेबल दाखवून.

तक्रार दुकानदार वा कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवूनच फोन करा.

## टप्पा ७: पहिले काही दिवस

ऑनलाइन वस्तू परत करायची मुदत बहुतेक सात ते दहा दिवसांची असते. खोकं पलंगाखाली सरकवून “रविवारी बघू” म्हणण्यातच ती जाते. म्हणून आल्या दिवशीच जोडा आणि सर्वात अवघड काम आधी करा. रोबोला सर्वात उंच उंबरठ्यापुढे सोडा. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी पूर्ण ताकदीवर किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघा. खोक्यावरचा आकडा सर्वात मंद वेगाचा असतो. बूट फक्त घरात लादीवर घाला, बाहेर घातलेले परत घेत नाहीत. सायकल एकदा चढावर नेऊन गिअर आणि ब्रेक तपासा, पहिल्या काही फेऱ्यांनंतर तारा सैल पडतातच, त्या दुकानातून मोफत आवळून घ्या.

## टप्पा ८: मे संपण्याआधी बांधाबांध

पहिल्या पावसाची वाट न बघता हे उरका. प्रेशर वॉशरमधलं पाणी पूर्ण काढा, नळी गुंडाळून टांगा. व्हॅक्यूमची टाकी आणि फिल्टर उन्हात एक दिवस, मग झाकण सैल ठेवून कपड्याने झाका. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. चार महिने न वापरायच्या बॅटऱ्या निम्म्या चार्जवर, यंत्रातून काढून, कपाटात. डंबेल्सवर कोरडं फडकं मारून यंत्राच्या तेलाचा पातळ हात. स्क्रू, रिम, साखळी यांवर तांबूस ठिपका दिसला तर आत्ताच घासून तेल लावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर झाकणाच्या डब्यात ठेवा, उघड्या कपाटात त्या दोन दिवसांत भरतात. आणि जे यंत्र पावसात लागणार आहे, म्हणजे ओलं-सुकं व्हॅक्यूम, ते खाली, हाताशी, दुसऱ्या फिल्टरसकट.